प्रेरणेची मोजणी आणि कासाची जीप

स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. डबे उघडतात, कुणीतरी "काल काय झालं माहितीय?" म्हणतं आणि ढीग होतो. आमचा यंदाचा सगळा ढीग एकाच विषयाचा आहे, प्रेरणा!

झालं असं, की प्राचार्य एका वर्कशॉपला गेले आणि विद्यार्थ्यांची प्रेरणा मोजायची असं ठरवूनच परतले. आमच्या डहाणूच्या संस्थेत खाली बी.ए. आणि वर नर्सिंग. खाली मी इतिहास शिकवतो, वर सावे मॅडम. सरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "मोजणी दोन्हीकडे होईल, पण बी.ए.च्या ज्या विषयात प्रेरणा सगळ्यात कमी, तो पुढच्या वर्षी बंद!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. सावे मॅडम तर सहानुभूतीने बघत होत्या, ते जास्त झोंबलं.

*

पहिली फेरी प्रश्नावलीची. एक ते पाचमध्ये उत्तर द्यायचं. माझ्या वर्गाने झाडून सगळीकडे तीन लिहिले.

"अरे, सगळीकडे तीन कसे?"

"सर, मधलाच बरा ना. कोणाला वाईट नको वाटायला!"

वर नर्सिंगच्या मुलींनी सगळीकडे पाच दिले. 'मला शिकायला आवडते' पाच, 'मला अभ्यासाचा कंटाळा येतो' तोही पाच! मी धावत जाऊन प्राचार्यांना ते दाखवलं. सर गहिवरले. "बघा, कंटाळा येतो तरी शिकतात! याला म्हणतात प्रेरणा." त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

*

दुसरी फेरी निरीक्षणाची. पुढच्या बाकांवर किती मुलं बसतात ते सर दारातून बघणार. सावे मॅडमच्या वर्गात पुढे मुलींची दाटी, माझी पुढची बाकं ओस. पण कारण साधं होतं. त्यांच्या वर्गातला पंखा पुढे आहे, माझ्या वर्गातला मागे!

मी इलेक्ट्रिशियनच्या मागे लागून पंखा पुढे घेतला. दुसऱ्या दिवशी सर आले आणि लाइट गेली. सगळा वर्ग उठून खिडकीशी गेला. फळ्यासमोर मी एकटा. सर म्हणाले, "तुमची स्वतःची प्रेरणा उत्तम आहे!"

*

सावे मॅडमच्या घरची बोर्डीला चिकूची वाडी आहे. सोमवारी त्या टोपलीभर चिकू आणतात, म्हणून सोमवारी त्यांच्याकडे हजेरी फुल्ल. मी सोलापूरकडचा, इथे भाड्याने राहणारा. मी वाडी कुठून आणू? जळफळत बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो.

पुडे बघताच पोरं पेनं शोधायला लागली. एकाने घाबरत विचारलं, "सर, आज टेस्ट आहे काय?"

पुडे तसेच परत आणले. स्टाफरूममध्ये ते सावे मॅडमनी चहात बुडवून खाल्ले, वर "छान आहेत हं!" म्हणाल्या.

*

माझ्याकडे एकच हुकमाचं पान होतं, जयवंती. कासा गावाच्या पलीकडच्या पाड्यावरून भाड्याच्या जीपने येते. तास संपला तरी तिचे प्रश्न संपत नाहीत. एकदा ती जिन्यात मला जव्हारच्या राजाबद्दल विचारत असताना सावे मॅडम वरून उतरत होत्या. ती गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सर, ही मुलगी कुठल्या गावची हो?"

चिकू तुमचे, पंखा तुमचा, आता जयवंतीपण?

"लांबची आहे," मी म्हटलं आणि विषय संपवला.

*

शेवटची फेरी रविवारी. ऐच्छिक तास! जो येईल तो मनापासून येईल, असं सरांचं म्हणणं. मी आदल्या दिवशी वर्गात हात जोडले होते. तरी सकाळी पाहिलं तर जवळपासची दोन-तीन पोरं फक्त. जयवंतीसुद्धा नाही. मी खडू हातात घेऊन गेटकडे बघत बसलो. गेला इतिहास, म्हटलं.

तेवढ्यात कासाची जीप थेट आवारात शिरली. कासाची जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि रविवारी भरत नाही, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण जीप खच्चून भरलेली! जयवंती उतरली. मागून तिची आत्या, काकू, शेजारणी, पिशव्या आणि टोपल्या.

"सर, गाडी सुटतच नव्हती," ती धापा टाकत म्हणाली. "मग पाड्यावरच्या सगळ्यांना म्हटलं, चला डहाणूच्या बाजाराला. आधी माझा तास, मग बाजार."

सगळ्या वर्गात येऊन बसल्या. ड्रायव्हरही शेवटच्या बाकावर टेकला. मी राजाची हकिगत सुरू केली. बऱ्याच वर्षांत असा रंगलो नव्हतो.

प्राचार्य दारात आले, मागे सावे मॅडम. त्यांच्याकडे रविवारी कोणीच फिरकलं नव्हतं. सर बोटाने डोकी मोजत ड्रायव्हरपर्यंत पोचले.

"तुम्ही कोण?"

"गाडीवाला. पोरगी बोलली, तास होयपर्यंत थांबा, परतीची गाडी भरून देते."

सरांनी बोट खाली घेतलं. "मग ही प्रेरणा नाही, हे भाडं झालं. या बायकाही बाजाराच्या. यातल्या कोणालाच धरता येणार नाही." माझ्या हातातला खडू मोडला.

घंटा झाली. बायका भराभर उठून जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप भरली, आता निघायचंच. ड्रायव्हर मात्र बाकावरून हलेना. बाहेरून आत्याने हाका मारायला सुरुवात केली, "चल ना रे, बाजार उठेल!"

"थांब गं!" तो आतूनच ओरडला. "राजाचा पुढं काय झाला ता आयकू दे!"

प्राचार्यांचं बोट सावकाश पुन्हा वर आलं.

सावे मॅडम माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, हा ड्रायव्हर कुठल्या गावचा हो?"