चार वाकड्या पोळ्या

खराडीच्या सहा फ्लॅटांत मिळून रोज दीडशे पोळ्या लाटणाऱ्या गोदाबाईंना पोळीवरून कुणी बोललेलं खपायचं नाही. वाशीमहून नवऱ्याबरोबर आल्या, वाघोलीत एक खोली घेतली, आणि बघता बघता आयटीवाल्यांच्या घरांत त्यांचं नाव झालं. एका बाईंनी "जरा जाड होते का हो?" एवढंच विचारलं, तर गोदाबाईंनी आठवडाभर त्यांच्याशी अवाक्षर काढलं नाही. असला ताठा!

मग दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, लग्नाहून परतताना, नगर रोडवर एका ट्रकनं त्यांच्या जीपला ठोकलं. बाकीचे खरचटण्यावर सुटले, गोदाबाईंच्या उजव्या मनगटाचा मात्र चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली, आत धातूची पट्टी बसली, आणि सहाही फ्लॅटांत दुसऱ्या बायका लागल्या. ट्रकच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली, तर कंपनीचं म्हणणं, हात बरा झालाय, बाई सोंग करतात. सोंग! ज्या बाईला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, तिला.

"कंपनीचा माणूस न सांगता घरी येईल," वकील अपेक्षाताईंनी बजावलं. "विचारेल त्याचं खरं उत्तर द्या. पण उगाच काही करून दाखवायला जाऊ नका. कळलं?"

"कळलं जी," गोदाबाई म्हणाल्या. कसलं कळतंय!

पुढच्या एप्रिलात, ऐन दुपारी तो आला. दिग्विजय नाव, हातात फाइल, शर्ट घामानं चिकटलेला. मी कंपनीकडून आलोय, असं त्यानं सरळ सांगितलं. प्रश्न विचारता विचारता त्याच्या पोटातून असा काही आवाज आला, की खुद्द तोच ओशाळला.

"जेवले नाही काय जी?"

"डबा घरीच राहिला. असू द्या."

"उपाशी माणूस माह्या दारातून जाते काय?" म्हणत बाई उठल्या. नवरा महिपती मागून डोळे मोठे करत होता, खाकरत होता, एकदा तर चक्क "वकीलबाई!" असं पुटपुटलाही. पण बाईंनी कणीक काढली होती.

अकरा महिन्यांनी हातात लाटणं आलं. मनगट वळेना. डाव्या हातानं उजवा दाबत त्या लाटत होत्या. पोळी एकीकडे जाड, दुसरीकडे फाटलेली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी धुरावर ढकललं. गॅसला कुठला आला धूर! चारही पोळ्या दिग्विजयनं पिठल्याशी खाल्ल्या, पाणी प्यायला, फाइल उचलली आणि गेला.

"गेलं सगळं," महिपती म्हणाला. "आता लिहीन तो, बाई पोळ्या लाटते म्हणून."

"लिहू दे. लाटल्या ना मी?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या रात्री स्वतःचं ताट त्यांनी तसंच झाकून ठेवलं.

तीन महिन्यांनी लोकअदालतीत अपेक्षाताईंनी त्याचा अहवाल वाचून दाखवला. 'चार पोळ्यांना पन्नास मिनिटे लागली. बाईंना असह्य वेदना होत होत्या. एकही पोळी गोल नव्हती. या हाताने पूर्वीचा व्यवसाय शक्य नाही.' कंपनीनं तडजोड केली, भरपाई मंजूर झाली. महिपतीला रडू फुटलं. आणि गोदाबाई? त्या लालबुंद!

"एकही गोल नव्हती म्हणते! चारही खाल्ल्या बाप्पा, अन् वरून असं लिहिते!"

त्या दिवसापासून बाईंनी रोज सकाळी एक पोळी लाटायला घेतली. फक्त एक. दुखायचं, मग हात गरम पाण्यात धरायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा लाटायच्या. असे सात महिने गेले. वाकड्या सगळ्या महिपतीनं मुकाट खाल्ल्या, बिचारा.

एका सकाळी त्या बसनं थेट कंपनीच्या कचेरीत पोचल्या. दिग्विजयच्या टेबलावर फडकं सोडलं. आत एकच पोळी होती, गोल गरगरीत.

"पाहा बरं. आहे काय गोल?"

तो गडबडला. "आहे हो. पण बाई, तुमची फाइल केव्हाच बंद झाली. आता हे मी लिहू कुठे?"

"लिहू नका जी," गोदाबाई म्हणाल्या. "खा."