संतराममामांचं नाक

सन अठराच्या मानमोडी तापाच्या साथीनं शिरड शहापूरच्या संतरामाला सोडलं, पण फुकट सोडलं नाही. बायको नेली, आणि त्याच्या नाकाची वास घ्यायची ताकद नेली. पंधरा दिवसांनी तो उठून बसला तेव्हा चुलीवर भाकर करपत होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी घरोघरी माणसं गेली होती. नाकाचं कोण ऐकणार?

पुढं वसमतला हळदीच्या कढईवर त्यानं बरीच वर्षं काढली. हळद शिजायला लागली की शिवार दरवळतं, असं लोक म्हणायचे. तो मान हलवायचा. गळ्यात माळ, विडीचंही व्यसन नाही, बोलणं मोजकं. वसमतचे व्यापारी बद्रुद्दीनसाहेब यांनी हैदराबादेत आपल्याकडच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं, तेव्हा फाटकावर बसवायला त्यांना असाच माणूस हवा होता. पोरं विद्यापीठात शिकायची, बोर्डिंगात राहायची, आणि संतरामाला मामा म्हणायची.

सन पस्तीसमध्ये दोन पोरं शिंदी पिऊन नाल्यात पडलेली सापडली. पालकांची पत्रं आली. साहेबांनी कायदा केला. संध्याकाळी आत येणाऱ्या प्रत्येकानं मामांपुढं तोंड उघडून ‘हा’ करायचं. वास आला की त्याच दिवशी बिस्तरा बांधायचा.

“तुमच्या गळ्यात माळ आहे, संतराम,” साहेब म्हणाले. “तुमचं नाक खोटं बोलणार नाही.”

तेव्हाच सांगता आलं असतं. जीभ उचलली नाही. पन्नाशी जवळ आली होती, गावात घर पडलं होतं. आणि त्याला वाटलं, प्यालेला माणूस ओळखायला नाक कशाला पाहिजे?

खरंच लागलं नाही. पोरं लवंगा चावून यायची, पानाचा तोबरा भरून यायची. तो हुंगल्यासारखं करायचा आणि बघायचा पायांकडं. फाटकाचा उंबरा उंच होता. पाय उंबऱ्यावर कसा पडतो, डोळा कुठं ठरतो, जीभ कुठं अडते, एवढ्यावर त्याचं काम व्हायचं.

“मामा, आज खानावळीत काय शिजलंय ते तरी सांगा!” पोरं चेष्टा करायची.

“लई शहाणा हाईस. रोज उजवा पाय आधी टाकतो, आज डावा काहून टाकून राहिला? हो बाजूला.”

दोन वर्षांत सहा पोरं घरी गेली. सहाही खरोखर प्यालेली होती. साहेब पाहुण्यांना सांगायचे, आमच्या संतरामचं नाक म्हणजे नाक आहे. ऐकून ऐकून त्याचाही विश्वास बसला होता.

सातवा उत्तम ठरला असता.

उत्तम त्याच्याच गावचा. मंजुळाबाईचा एकुलता एक. तिचा नवरा लवकर गेला होता. शेती दीर उकंडराव बघायचा. पोराला पोचवायला ती बैलगाडीनं वसमतच्या टेशनापर्यंत आली होती. “संतराम,” ती म्हणाली होती, “नापास होऊन आलं तरी चालंल. नाव घालवून येऊ नगं. तेवढं तुमी बघा.”

पहिल्याच वर्षी उत्तम एकदा पिऊन आला. संतरामानं त्याला गुपचूप आपल्या खोलीत नेलं, ताक पाजलं, झोपवलं. सकाळी माळेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. परक्या गावच्या सहा पोरांना जे मिळालं नाही ते गावच्या पोराला मिळालं. हे खोटं त्याला जड गेलं नाही.

सदतीसच्या चैत्रात परीक्षा संपल्या. भर दुपारी हॉकीचा सामना होता, सगळं बोर्डिंग तिकडं गेलं. चारच्या सुमाराला उत्तम एकटाच परत आला. उंबऱ्याला पाय अडखळला. डोळे लाल होते. संतरामानं न सांगताच त्यानं तोंड उघडून ‘हा’ केलं आणि फाटकाला धरून उभा राहिला.

“मामा, डोकं…” जीभ जड झाली होती.

“माळेची शपथ घेतली होतीस ना रे?”

“न्हाई मामा. तसं न्हाई. पाणी…”

“पाणी प्यालास तर वकशील सगळ्या अंगणात. साहेब येऊन राहिले आत्ता. चल.”

अंग तव्यासारखं तापलं होतं. दारूनं तापतं, असं संतराम समजला. त्याची खोली फाटकाला लागून होती, वर पत्रा. पोराला चटईवर निजवलं, कुणी बघू नये म्हणून बाहेरून कडी लावली आणि तो फाटकावर येऊन बसला. साहेब आले, गेले. दिवेलागणीला पोरांचा घोळका आला. त्यानं घाईघाईनं सगळ्यांची तोंडं हुंगली. मन कडीकडं होतं.

कडी काढली तेव्हा उत्तम दाराशी पडला होता. दार वाजवायला गेला असेल. संपलं होतं.

डॉक्टर आले. ऊन लागलंय, म्हणाले. मग मयताच्या तोंडाशी वाकले. “दारू? मला तर वास येत नाही.”

साहेबांनी संतरामाकडं बघितलं. “संतराम?”

“येत होता, साहेब.”

पायांनी सांगितलं होतं, डोळ्यांनी सांगितलं होतं. नाकानं काय सांगितलं ते कुणाला सांगायचं? डॉक्टरांनी खांदे उडवले. साहेबांनी मंजुळाबाईला पत्र लिहिलं. मुलगा नशेत असताना उन्हानं गेला, बोर्डिंगचा कायदा कडक आहे, आम्हाला अत्यंत खेद होतो.

अस्थी आणि ट्रंक घेऊन संतराम गावाकडं निघाला. उत्तमच्या खोलीतला फारुक सोबत होता, डोंगरकडा गावचा. पूर्ण्याला त्यांनी गाडी बदलली. मग फारुक खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मामा, उत्तम प्यालेला नव्हता.”

“तुला काय म्हाईत?”

“सामना झाल्यावर आम्ही शिंदीखान्यावर गेलो. तो आला नाही. म्हणाला, डोकं फुटून राहिलंय, आणि फाटकावर मामा हायेत.”

“मग तिथंच बोलला काहून न्हाईस?”

“आम्ही कुठं होतो ते सांगावं लागलं असतं.” फारुक रडायला लागला. “आम्ही पाच जण पिऊन आलो होतो, मामा. तुमच्या तोंडावर ‘हा’ करून आत गेलो. तुम्ही एकालाही धरलं न्हाई.”

वसमत येईपर्यंत संतराम आपल्या हाताकडं बघत होता. कडी लावली तो हात.

शिरड शहापुरात ओसरीवर माणसं बसली होती. पत्र आधीच पोचलं होतं, आणि गावानं ते वाचलं होतं. अस्थी खाली ठेवून संतराम उभ्यानंच बोलला. पोरगं प्यालेलं नव्हतं. मला वास येतच न्हाई. मानमोडीपासून येत न्हाई. मी पायावरनं ठरवलं.

उकंडराव हसला. “वा रे संतराम! घराण्याची लाज झाकून राहिला. दोन वर्षं सगळ्या हैदराबादेची तोंडं हुंगली, आन आता म्हणतो नाकच न्हाई!”

“खरं सांगतो, मालक.”

“चांगला माणूस हाये,” दुसरा एक जण म्हणाला. “पण मेलेल्याचं झाकून काय होतंय आता?”

मंजुळाबाई दारात उभी होती. ती आत गेली. थोड्या वेळानं तांब्या घेऊन आली.

“लांबून आलात. पाणी घ्या.”

संतरामानं तांब्या घेतला. ओसरीवरच्या माणसांनी माना वर केल्या. एकानं नाकाला धोतराचा सोगा लावला. संतरामाला काही कळलं नाही. त्यानं तोंड वर करून तांब्या उंच धरला, तोच मंजुळाबाईनं जोरानं हात मारला. तांब्या अंगणात गेला. मातीवर घासलेट पसरलं.

उकंडराव खाली बघत होता.

“बघितलं का सगळ्यांनी?” मंजुळाबाई म्हणाली. “माझं लेकरू प्यालेलं नव्हतं.”

मग ती संतरामाकडं वळली.

“त्यानं पाणी मागितलं होतं?”

“व्हय.”

“दिलं?”

संतराम आपल्या हाताकडं बघू लागला. ती पुन्हा आत गेली, दुसरा तांब्या भरून आणला आणि त्याच्या पायाशी ठेवला.

“हे चांगलं हाये. प्या.”

संध्याकाळपर्यंत तो तांब्या तसाच होता. संतराम कधी उठून गेला ते कुणी बघितलं नाही.

गावापुरतं उत्तमचं नाव धुतलं गेलं. साहेबांचा कागद तसाच राहिला. तो बदलायला साहेबांना फारुकची साक्ष हवी होती. फारुक बी.ए. झाला, साक्ष दिली नाही. संतराम वसमतला हळदीच्या कढईवर परत गेला आणि अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तिथंच मेला. बोर्डिंगच्या फाटकावर दुसरा माणूस आला होता. कामावर ठेवण्याआधी साहेबांनी त्याला डोळे मिटून एक कांदा हुंगायला लावला म्हणे. त्यानं बरोबर ओळखला.