कागदावरची आठवी विहीर

निजामाच्या राज्यात मी हट्टा गावी शाळामास्तर होतो. एकदा तहसिलीतून छापील कागद आला: गावात पिण्याच्या पाण्याच्या विहिरी किती? कमी असल्या तर सरकार नवी बांधून देणार होतं. मी छत्री घेऊन निघालो आणि दुपारच्या आत आठ विहिरी मोजून सही ठोकली. त्यातली एक मी दोनदा मोजली होती. ती दोन गल्ल्यांच्या मधोमध. एकदा पुढून दिसली, एकदा मागून.

महिन्याभरात उत्तर आलं: विहिरी पुरेशा आहेत, नवीची गरज नाही.

बायको तेव्हा नदीवरून दुसरी खेप घेऊन येत होती. डोक्यावरची घागर न उतरवताच म्हणाली, "आठ हायेत म्हणता? मग मी नदीला काहून जाऊन राहिले? हौस म्हणून?"

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या पिंजाऱ्याच्या म्हातारीच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती म्हणाली, "मास्तर, विहिरी मोजून काय व्हतं? पिऊन बघा की." मग बाया जमल्या. एका विहिरीचं पाणी असं खारं की म्हातारीची डाळ दुपारपर्यंत टणक. दुसरी होळीलाच आटते. तिसरीचा मालक आमच्या गल्लीला घागर बुडवू देत नाही. म्हातारीनं त्या मालकाच्या तीन पिढ्या उद्धरल्या. मी त्याही लिहून घेतल्या.

अकरा पानं घेऊन तहसिलीत गेलो. तिथल्या पेशकारानं, म्हणजे तहसीलदाराच्या कारकुनानं, ती चवीनं वाचली, दोनदा हसलाही. शेवटी म्हणाला, "मास्तरसाब, किस्सा अच्छा है. मगर गिनती?"

या खेपेला गिनती मी केलीच नव्हती.

तोड बायकोनं काढली. "दोन्ही न्या की. डाळ शिजंल अशा विहिरी किती ते मोजा, अन् बाकीच्यांत काहून शिजत न्हाई ते खाली लिवा. त्या विहीरमालकाच्या आजोबाला मातर वगळा."

अकरा पानांचं एक पान झालं. विहिरी सात. बारा महिने गोडं पाणी आणि कुणाची आडकाठी नाही, अशी एकच. तिच्यावर सकाळी घागरींची रांग मारुतीच्या देवळापर्यंत. खाली म्हातारीची डाळ, तिच्याच शब्दांत.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी विहीर झाली. पहिल्या दिवशी डाळ लोण्यासारखी शिजली. ती मला वाढता वाढता बायको म्हणाली, "आता झाल्या बघा आठ. तुमचा पयला आकडा काही खोटा नव्हता. तुमी जरा लवकर सांगितला, इतकंच."