अक्काची गिडगी

मला बघायला मंडळी आली तेव्हा बैलगाडीतून सगळ्यांत आधी उतरली ती माझी होणारी सवत. आमच्या गावच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पहिल्या बायकोनं नवऱ्यासाठी दुसरी पसंत करायला यावं, यात त्या काळी फारसं नवल नव्हतं. पण ती अशी तरातरा चालत, वरमाईच्या थाटात येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सासूबाईंनी रीतीप्रमाणं विचारलं, भाकरी थापता येते का, दळण किती होतं. मग ही बाई पुढं झाली, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, "पोरी, गोष्ट ऐकताना तुला झोप येती का?" मी घाबरून नुसती मान हलवली. "न्हाय ना? मग झालं तर. आत्याबाई, हीच करा. बाकीचं शिकवता येतंय."

तर अशी मी तेरला आले. आमच्या ह्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. राज्य निजामाचं, कचेरीतली बोली उर्दू, आणि घरातली बोली म्हणाल तर निम्मी मराठी, निम्मी अक्काची, म्हणजे माझ्या सवतीची. ती उमरग्याच्या पलीकडची, जिथं मराठी संपून कानडी लागते तिथली. रागावली की कानडीत बडबडायची, आणि लाडात आली तरी कानडीतच. सवत म्हणून मी मनात किती काय काय तयारी करून आले होते! पण तिनं पहिल्याच दिवशी माझी वेणी घातली आणि "साकू झालं रडणं" म्हणून गप्प केलं. साकू म्हणजे पुरे. नंतर तो शब्द मलाही लागला.

तिला मूल झालं नव्हतं. जोशीबुवांनी पत्रिका बघून सांगितलं होतं की तिच्या घरात मंगळ येऊन बसला आहे. दुसरी एखादी बाई उपास करत बसली असती. ही म्हणाली, "मंगळ माज्या घरात बसलाय, बरं. मग त्याचं घर तर मोकळं पडलं असंल. तितं कोन ऱ्हातंय ते तरी बगू."

आणि तिनं ते बघितलं. दुपारी जेवणंखाणं आटोपली की ओसरीवर जोंधळा निवडायला गल्लीतल्या चारपाच बायका जमायच्या. हातात सूप आणि तोंडात मंगळ. तिथं राहणाऱ्यांना ती गिडगी म्हणायची. कानडीत गिडा म्हणजे झाड, आणि ती मंडळी झाडासारखी उभी असतात म्हणून गिडगी. एक असलं तर गिडगं. तो का ती असं विचारायचं नाही; त्यांच्यात बाई नाही आणि बाप्या नाही. उंची माणसाच्या कमरेएवढी, पाय तीन, अंगाची साल करपलेल्या भाकरीसारखी तांबूस. तोंड नाही. मंगळावर पाणी फार खोल, म्हणून ती तळपायानं पाणी पितात. जिथं ओल लागेल तिथं सगळा गाव जाऊन दाटीवाटीनं उभा राहतो.

एकदा मी सूप पाखडता पाखडता बोलून गेले, "आणि खातात काय?" अक्कानं हात थांबवला. "तोंड न्हाय म्हनून आत्ता सांगितलं ना? खातील कुटनं? तुजं ध्यान कुटं हाय?" गोष्ट तिची स्वतःची, पण त्यात कुणी चूक केलेली तिला खपत नसे. ती स्वतःही चुकत नसे. आदल्या महिन्यात सांगितलेलं गिडग्यांचं एखादं दुखणं या महिन्यात दुसऱ्याच पायाला झालं, असं कधी घडलं नाही.

बोलायचं कसं? तर तळहात दुसऱ्याच्या पाठीवर टेकवायचा, आणि ऊब कमीजास्त करायची. दुरून हाका मारण्याची सोयच नाही. शेजारची भामाबाई मोठी भांडखोर; तिनं विचारलं, "मग शिवी कशी देत्यात गं?" अक्का म्हणाली, "जवळ जाऊन पाटीवर हात ठिवायचा, मग द्यायची. निम्मी भांडनं तितंच मोडत्यात. हात ठिवल्यावर कुनाला शिवी आटवती?" भामाबाईसुद्धा हसली.

म्हातारी गिडगी वरून वाळत जातात. पूर्ण वाळली की गाव त्यांना वाऱ्याच्या बाजूला ओळीनं उभं करतो, आणि लहानग्यांना त्या आडोशाला ठेवतो. म्हणजे तिथली घरं म्हाताऱ्यांचीच झालेली असतात. हे सांगितलं त्या दिवशी सासूबाई माजघरातून ऐकत होत्या. एरवी नाक मुरडायच्या, त्या दिवशी नाही.

आणि जन्म? तो भाग अक्का हळू आवाजात सांगायची. उन्हाळा तापला की सगळी गिडगी गोल उभी राहतात. प्रत्येकाच्या तळपायातून एक बारीक मूळ खाली जातं. खाली सगळी मुळं एकमेकांत गुंततात, त्या गुंत्याला गाठ पडते, आणि गाठीतून कोंब वर येतो. कुणाच्या मुळानं तो धरला हे कुणालाच कळत नाही, म्हणून ते लेकरू सगळ्यांचं. "वांझ म्हनायला त्यांच्यात शब्दच न्हाय," ती म्हणायची. "कुनाला म्हननार? म्हाईतच न्हाय ना." सूपं थांबायची. मग तीच म्हणायची, "निवडा गं, जोंधळा काय आपल्या पायांनी पोत्यात जाणाराय?"

माझा बाळू झाला तो तिच्याच मांडीवर वाढला, असं म्हटलं तर खोटं नाही. मला दूध पाजण्यापुरती हाक यायची. कधी कधी मला तिचा रागही यायचा, नाही असं नाही. पण तिचं त्या पोराला अंघोळ घालणं, टाळूला तेल जिरवणं, त्याच्या पायांचे तळवे चोळताना "पी रे, पी, पानी पी" म्हणणं बघितलं की राग विरघळून जायचा. बाळू रांगायला लागला तसं तिनं त्याला गिडग्यांची बोली शिकवली. सपाट पंजा पाठीवर ठेवला तर पाणी हवं. मूठ टेकवली तर रुसलाय. दोन्ही हात टेकवले तर उचलून घे. पोरगं इतकं तरबेज झालं की बघत राहावं. मी चुलीपुढं बसलेली असले की मागून इवलासा पंजा यायचा, मी लगेच फुलपात्र पुढं करायची. ह्यांच्यासारखा अबोल माणूसही दुकानात पाठीवर मूठ टेकली की गूळ काढून द्यायचा.

पोरगं दोन वर्षांचं झालं, तिसरं लागलं, सरत आलं. चालतंय, पळतंय, सांगितलेलं सगळं समजतंय, पण तोंडातून शब्द नाही. आई नाही, पाणी नाही. गल्लीतल्या बायका दबक्या आवाजात मुका म्हणायला लागल्या. हे त्याला घेऊन धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात गेले, मीही गेले. डॉक्टरनं कान बघितले, जीभ बघितली, टाळ्या वाजवून बघितल्या आणि म्हणाला, "बच्चा एकदम ठीक है. बोलेगा. जल्दी काय की?" मी घरी येऊन सगळ्यांना तसंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरचं काय जातंय? हिच्या त्या बिनतोंड्या भुतांनी माज्या नातवाचं तोंड खाल्लं." अक्का तेव्हा न्हाणीत भांडी घासत होती. घासण्याचा आवाज थांबला.

त्या दिवसापासून गिडगी बंद झाली. दुपारी बायका आल्या, तिनं जोंधळा निवडला, पण एक अक्षर बोलली नाही. आणि बाळूला पाठ देणं तिनं बंद केलं. बसली की भिंतीला पाठ घट्ट टेकवून बसायची. पोरगं यायचं, भिंत आणि तिची पाठ यांच्यामधे बोटं घालायचा प्रयत्न करायचं. ती समोर बघत म्हणायची, "बोल. तोंडानं बोल. पानी म्हन." पोरगं तिच्या तोंडाकडं बघायचं, पुन्हा बोटं घालायचं. ते बघून माझा जीव तुटायचा. मी म्हणायची, "अक्का, पुरे करा, द्या त्याला पाणी." ती म्हणायची, "तू मदी पडू नगंस."

अशानं काही तो बोलला नाही. मग एके सकाळी तिनं लुगडी बांधली आणि ह्यांना म्हणाली, "मला माहेरी सोडा." मी दारात आडवी उभी राहिले. डॉक्टर काय म्हणाला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. "डाक्टरला गिडगी म्हाईत हैत का?" ती म्हणाली. "म्याच त्याला त्यांच्या बोलीनं बांदून ठिवलंय. म्या हितं हाय तंवर त्याला तोंडाची गरजच पडायची न्हाय. तो बोलला पायजे. बाकी कायबी नगं मला." बाई इतकी हुशार, पण स्वतःच रचलेल्या गोष्टीवर तिचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास होता. गिडगी खरी आहेत, आणि त्यांनीच हे केलं, असं तिनं धरूनच घेतलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते गाडी जुंपायला गेले. गाडी नदीकडं उतरेपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि मी बाळूला इतकं घट्ट धरलं होतं की तो कळवळला.

आणि बघा, पावसाळा सरता सरता पोरगं बोललं. भाकरी मागितली. मग रोज नवा शब्द, मग आठवड्यात सबंध वाक्य. सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. "सांगत हुते का न्हाय?" असं ज्याला त्याला ऐकवलं. मी उमरग्याकडं जाणाऱ्या एका गाडीवानाकडून निरोप धाडला, की बोलायला लागला, आता परत या. गाडीवान परत आला तो अक्काचा निरोप घेऊन, "लई आनंद झाला. पर म्या यायची न्हाय. म्या आले आन् पुन्ना गप झाला तर?" मी आणखी दोनदा निरोप दिला. दोन्ही वेळा उत्तर तेच. तिथं ती भावाच्या पोरांना सांभाळायची, पण त्यांना गोष्ट म्हणून एक सांगायची नाही, असं गाडीवानच म्हणाला.

मग ते गडबडीचे दिवस आले. निजामाचं राज्य डळमळलं, रस्ते धोक्याचे झाले, कितीतरी घरं हद्द ओलांडून बार्शीकडं गेली. आम्हीही दुकानाला कुलूप लावून काही महिने तिकडं काढले. परत आलो, रस्ते मोकळे झाले, तेव्हा तिच्या गावचा माणूस आला. आदल्या थंडीत हिवतापानं गेली म्हणाला. आम्हाला कळवायला वाटच नव्हती. ह्यांनी अंघोळ केली, मी बाळूला अंघोळ घातली. तो विचारत होता, का म्हणून. मला नीट सांगता आलं नाही.

माझी धाकटी, गोदी, तेव्हा तान्ही होती. ती वाढली ती माझ्या आणि सासूबाईंच्या हाती. तिला ना गिडगी ठाऊक, ना पाठीवरचा पंजा. दुसरं वर्ष गेलं, तिसरं सरत आलं. गोदी चालायची, पळायची, सांगितलेलं सगळं करायची, आणि तोंडातून शब्द नाही. मी मनातून हादरले. कुणाशी बोलायची सोय नव्हती, आणि जिच्याशी बोलले असते ती राहिली नव्हती.

एक दिवस सकाळची जेवणं चालली होती. हे पाटावर बसले होते, सासूबाई तूप वाढत होत्या. गोदी उंबऱ्यात उभी होती. तिनं ह्यांच्या ताटाकडं बोट केलं आणि स्वच्छ म्हणाली, "मला बी वाढ." बाळू ओरडला, "गोदी बोलली!" माझ्या हातातला तवा खाली पडला. सासूबाईंना हसू आवरेना. त्यांनी पोरीला उचलून मुके घेतले.

"बापावर गेली गं, बापावर!" त्या मला म्हणाल्या. "ह्यो बी असाच हुता. तीन वर्सं तोंडातनं शबुद न्हाय. मामंजी तर म्हनायचे, मुकं निपजलं. आन् एक दिवस बसल्या जागी बोलाय लागला बग."

ह्यांचा घास हातातच राहिला. "कवा?" ते म्हणाले. "म्या कवा मुका हुतो?"

"ल्हानपनी रं. तुला कसं आटवंल?"

"बाळूच्या टायमाला बोलली न्हाईस."

"कुनी इचारलं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर अजून हसू होतं. त्यांनी गोदीला कडेवर घेतलं आणि तुपाची वाटी पुढं केली. "धर, घे. निवलं की भाकरी वातड हुती."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. ताटावरून उठले, हात न धुता अंगणात गेले आणि बैलांच्या दाव्याला हात घालून तिथंच उभे राहिले. जायचं कुठं, हे त्यांचं त्यांनाच कळेना.