पडेगावच्या पुढचा सूर्य

"मला पाडून दाखव," असं म्हणून मॅडम स्वतःची खुर्ची समोरच्याला द्यायच्या आणि आपण फळ्याजवळ उभ्या राहायच्या. खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे दिल्लीची तज्ज्ञ समिती. मग तो विभागातला दुसरा प्राध्यापक असो, प्रयोगशाळेतले मामा असोत, की वैजापूर तालुक्यातल्या खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर असा मी. सरकारी अनुदानाच्या मुलाखतीची ही त्यांची तालीम. कुणी मऊ प्रश्न विचारला की त्या वैतागायच्या. "रहम नको, बेटा. तिथं कोणी करणार नाय."

तुम्हीही कॉलेजात प्राध्यापक पाहिले असतील. शिकवतात आणि घरी जातात. आमच्या मॅडम शहरातल्या छावणी भागातून जुन्या स्कूटरवर यायच्या, भौतिकशास्त्र शिकवायच्या, आणि उरलेला सगळा वेळ सूर्याच्या मागे असायच्या. सूर्यावर स्फोट झाला की तिथून येणाऱ्या रेडिओ लहरी एकदम वाढतात. त्या पकडायला भलीमोठी दुर्बीण लागत नाही. अँटेनांची एक रांग आणि शांत जागा लागते. पडेगावच्या पुढे दोन टेकड्यांच्या बेचक्यात कॉलेजच्या संस्थेची पडीक जमीन होती. शहरातल्या मोबाइल टॉवरचा गोंगाट टेकडीपलीकडेच अडायचा. मॅडमच्या अर्जाचा सगळा भार त्या शांततेवर होता.

अर्ज दोनदा फेटाळला गेला होता. एका परीक्षकाने लिहिलं होतं की अशा ठिकाणी हे काम होईल याची खात्री वाटत नाही. मॅडमनी ते चहा पिता पिता सगळ्यांना वाचून दाखवलं. "अशा ठिकाणी म्हंजे? आपल्याकडं सूर्य उगवत नाय का?"

तिसरा अर्ज शेवटचा. प्रकल्प संपेपर्यंत अर्जदाराची नोकरी शिल्लक हवी असा नियम आहे, आणि पुढच्या वर्षी मॅडमची तेवढी उरणार नव्हती. माझंही भवितव्य त्यालाच बांधलेलं. अनुदान आलं तर मी संशोधन सहायक, नाहीतर परत गावी. अर्जावर सही करताना प्राचार्यांनी विचारलं होतं, अँटेनांच्या खर्चात वर्गातले पंखे बसतील का. मॅडम म्हणाल्या, बसतील की सर, सूर्य फार तापतो असं कारण देऊ. प्राचार्य हसले नाहीत. विचारात पडले.

या वेळी मात्र आमच्याकडे पुरावा होता. बांबूंवर तारा ताणून मॅडमनी आणि मी हिवाळाभर नोंदी घेतल्या होत्या. अर्जाच्या चौथ्या पानावर त्या नोंदींचा आलेख होता. सपाट रेषेतून मध्येच उसळलेली शिखरं. ती दिसली त्या दिवशी मॅडमनी अख्ख्या विभागाला इमरती वाटली होती.

समितीचं बोलावणं आलं. त्याच आठवड्यात तालमीत खुर्चीवर बसायची पाळी माझी आली. काहीतरी कडक विचारायचं म्हणून मी म्हणालो, "ही शिखरं सूर्याचीच आहेत कशावरून?"

मामा म्हणाले, "हे पोरगं तर दिल्लीवाल्यांपेक्षा बेकार हाय." मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात काय आहे ते बोल."

मी संकोचत सांगितलं. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून आमच्याकडे शेताभोवती तार ओढतात आणि तिच्यात थांबून थांबून विजेचा हलका झटका सोडतात. झटका मशीन म्हणतात त्याला. ते चालू असलं की घरच्या रेडिओत टकटक येते. गवत तारेला टेकलं की जास्तच.

मॅडमनी नोंदवही ओढून वेळा पाहिल्या. नोंदी आम्ही फक्त दिवसाच घेतल्या होत्या. सूर्य पाहायचा, तर रात्री कशाला बसायचं? सूर्य मावळल्यावरही ती शिखरं येतात का, हे दोघांपैकी कुणीच तपासलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या जागेवर गेलो. आजवर आम्ही कागदावरच्या रेषाच पाहिल्या होत्या. मॅडमनी पहिल्यांदा यंत्राला हेडफोन लावला. टक. टक. टक. टेकडीच्या कडेला मक्याचं शेत होतं, त्याला तारेचं कुंपण. शेतकरी बांधावर उभा होता.

"व्हय बाई, दिवाळीपासून लावलंय. डुकरं लई झाल्यात. काय तरास व्हतोय का?"

"नाही दादा. जरा बंद करता का?"

तो आत गेला. टकटक थांबली. मॅडमनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"सूर्य बंद झाला," त्या म्हणाल्या.

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते तिथंच राहिलं.

विभागातल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला. ते पान काढा, विषयच काढू नका, बाकी अर्ज भक्कम आहे. मॅडम बरं म्हणाल्या. सादरीकरणातून आलेख मी माझ्या हाताने काढला.

मुलाखत ऑनलाइन होती. मी शेजारी बसून स्लाइड पुढे सरकवत होतो. मॅडम सुंदर बोलल्या. समितीचे अध्यक्ष प्रसन्न दिसत होते. शेवटी ते म्हणाले की मूळ अर्जात चौथ्या पानावर एक आलेख आहे, लहान कॉलेजातून असं काम येतं याचं आम्हाला फार कौतुक वाटलं.

नुसते आभार मानले असते तरी झालं असतं. मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि सावकाश इंग्रजीत सांगितलं की तो आलेख शेताच्या कुंपणाचा आहे, सूर्याचा नाही. पुरावाच राहिलेला नाही, म्हणून मी अर्ज मागे घेते.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पडद्यावर कुणीतरी हसलं, कुणाचातरी माइक चालू राहिला होता. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, विचार करायला वेळ हवा का. मॅडम नको म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

लॅपटॉप मिटून मी म्हणालो, "मॅडम, कुणाला कळलंसुद्धा नसतं."

"तुला कळलं होतं ना, बेटा."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी तीन संस्थांना पत्रं लिहिली. त्यातल्याच एका ठिकाणी आज मी काम करतो. माझा पगार, माझं टेबल, सगळं त्या बाईंचं देणं आहे.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी रजा घेऊन आलो होतो. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमानंतर त्या म्हणाल्या, चल, तारा उतरवून येऊ. शेतकऱ्याने त्या गोष्टीनंतर दिवसा मशीन लावणं सोडूनच दिलं होतं, कुणी न सांगता. आम्ही निम्म्या तारा गुंडाळल्या. उरलेल्या तारांना मॅडमनी यंत्र जोडलं, अंगावरच्या शालीसकट खडकावर बसल्या आणि हेडफोन लावला. खूप वेळ त्या हलल्या नाहीत. काय ऐकू येतंय, मी विचारलं.

"काहीच नाही." त्यांनी डोळे मिटले. "जागा चांगली होती रे."