गोळी काही तरंगेना

एम. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला पनवेलच्या कॉलेजात माझ्या डोक्यात एकच विषय होता: गोळी तरंगवायची. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि पोहायला कधी शिकवणार तिला?"

गोळी एचआयव्हीवरच्या औषधाची होती. ते औषध सकाळ-संध्याकाळ घ्यावं लागतं. गोळी पोटात तरंगत राहिली, तर ती लवकर पुढे सरकत नाही, औषध सावकाश सुटतं आणि दिवसाला एकच गोळी पुरेल अशी आशा असते. मला हे सगळं मार्कांपुरतंच वाटत होतं. मग माझ्या गाइड मॅडम मला एका उपचार केंद्रात घेऊन गेल्या. तिथे द्रोणागिरीच्या गोदामात पॅकिंग करणारी एक ताई भेटली. संध्याकाळची गोळी तिला कामावरच घ्यावी लागे.

"पित्ताची आहे म्हणून सांगते," ती म्हणाली. "तर रोज कुणी ना कुणी हात पुढे करतं. माझंही पोट जळतंय, दे की एक!"

सांगताना ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. परतताना मात्र रिक्षातच मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: दिवसाला एकच गोळी.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले. औषधात पाण्याने फुगणारी पावडर आणि गॅस सुटावा म्हणून खायचा सोडा घातला आणि मशीनमध्ये दाबून गोळी केली. गोळी पोटातल्यासारख्या आंबट, कोमट पाण्यात सोडली. ती झटकन वर आली, फसफसली आणि तासाभरात तिचा चुरा झाला. मग मी मशीनचा दाब वाढवला. आता ती फुटेना, पण तळाशी जाऊन बसली. आणखी सोडा, आणखी दाब, असे दोन महिने गेले. लॅबमधली पोरं "आज कोण बुडालं?" म्हणत डोकावून जायची.

लॅबची भांडी धुणाऱ्या मावशी विचुंब्याच्या. एकदा बीकर न्यायला आल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"बाय, तुजी गोली परत बुडली."

"दिसतंय मला, मावशी."

त्यांनी ट्रेमधली कोरडी गोळी नखाने दाबून पाहिली. "ही तं दगडच हाय. एवडी दाबलीस तं वारा कुटं ऱ्हायाचा तिच्यात?"

मी चिडलेच. दोन महिने रिसर्च पेपर वाचून मी जे दाबत होते, ते यांनी नखाने मोजलं! पण बरोबर होतं. मी दाब कमी केला आणि गोळी टिकावी म्हणून फुगणारी पावडर थोडी वाढवली. सकाळी सातला पाण्यात सोडलेली गोळी मिनिटभरात वर आली. बारा तास तरी टिकायला हवी, असं मॅडमनी बजावलं होतं. संध्याकाळी सातला ती जेलीसारखी फुगून निवांत तरंगत होती. मी मॅडमना मिठीच मारली. त्या इतक्या दचकल्या की हातातला फोन पडला.

माझी गोळी बाजारात आली नाही. प्रबंध लायब्ररीत आहे. पुढच्या चाचण्या मोठ्या कंपन्यांचं काम, आणि आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. याचं वाईट वाटतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "दाब कमी करायचं कसं सुचलं?" मी खरं ते सांगितलं. मॅडम छताकडे बघू लागल्या. परीक्षक म्हणाले, "बोलवा त्यांना."

मावशी पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या. "मी काय नाय केलं, साहेब," त्या घाबरून म्हणाल्या. "मी फकत बोल्ले."