बसत न्हाय, चाललोच

भानुदास आमच्या घरी हजार वेळा तरी आला असेल, पण बसला एकदाही नाही. उंबऱ्यापाशी उभा राहायचा, एक पाय आत आणि एक पाय पायरीवर. "बसत न्हाय सर, चाललोच," असं म्हणायचा आणि तासभर बोलत राहायचा. चहा उभ्यानंच, फुंकर घालण्याइतकाही दम न धरता. आणि हे चालू असताना त्याचं उजवं मनगट सारखं पिळत असायचं. नव्या माणसाला वाटे, हाताला काही दुखणं असेल. तसलं काही नव्हतं. तो ॲक्सिलरेटर देत असे. एकदा निरवांगीला एका दहाव्याला आम्ही गेलो होतो. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना, सगळे हात जोडून गप्प उभे, आणि हा मागं उभा राहून गाडी रेस करतोय. मला तिथं हसू आलं, त्याची लाज अजून वाटते.

भवानीनगरला कारखान्याच्या वसाहतीत आम्ही शेजारी होतो. मी हायस्कुलात गणित शिकवतो, तो कारखान्यात फिटर. आठवडाभर उसाच्या रोलरशी झुंजायचा आणि जवळपास कुठं मोटारसायकलची शर्यत असली की सुट्टी टाकून तिकडं पळायचा. या शर्यती टीव्हीवर दिसतात तसल्या गुळगुळीत डांबरावरच्या नव्हेत. ऊस तुटून गेलेलं रान घ्यायचं, त्यात मुरमाचे उंचवटे आणि वळणं करायची, कडेनं दोरी बांधायची, झाला ट्रॅक. पुण्याकडची हौशी मंडळी येऊन हे मांडत. त्यांच्या गाड्या टेम्पोतून उतरत. भानुदासची गाडी भानुदासलाच घेऊन येई. तिची टाकी एका गाडीची, चाकं दुसरीची आणि हँडल त्यानं स्वतः वेल्डिंग केलेलं.

नऊ शर्यतींत तो उतरला आणि नऊपैकी एकही त्यानं पुरी केली नाही. मी गणिताचा माणूस, मला हा आकडा फार टोचायचा. पाचदा तो पडला, तीनदा गाडी बंद पडली आणि एकदा पेट्रोल संपलं, कारण भरायला थांबायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "ब्रेक मारायचा म्हंजी कमावल्याला येग फेकून द्यायचा, सर," असं त्याचं म्हणणं. शर्यत संपते तिथं काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा फडकवतात. तो झेंडा आपल्यासाठी एकदा तरी हलावा, एवढीच त्याची इच्छा. "नंबर मागत न्हाय मी. झेंडा बघायचाय फकस्त," म्हणायचा. म्हणताना मनगट पिळायचा ते पिळायचाच.

नवव्या शर्यतीहून तो गळ्यात हात बांधून आला, तेव्हा मंदावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, धीर सुटला. त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. "सर, तुमी साक्षीदार ऱ्हावा. दहावी रेस ह्यांनी पुरी केली तर गाडी राहील. कितवा बी नंबर येऊ द्या, मला काय त्याचं. पर मधीच ऱ्हायली, तर सोमवारी गाडी इकायची." भानुदास दाराच्या चौकटीत उभा होता. त्याचा चांगला हात पहिल्यांदाच गप्प झालेला मी पाहिला. तो म्हणाला, "व्हय."

दहावी शर्यत काटेवाडीच्या अलीकडं होती. शनिवारी सराव आणि रविवारी शर्यत. मीही गेलो, माझ्याकडं स्टॉपवॉच आणि छत्री ही दोन कामं होती. दुपारपर्यंत सराव झाला आणि धुळीनं कुणाला कुणी दिसेना. पाण्याचा टँकर येणार होता तो काही येईना. तेव्हा भानुदास पुढं झाला. "टँकर कशाला? हिरीवर मोटार हाय की. मी देतो पाणी." पुण्याची पोरं खूश झाली. धूळ बसेल एवढंच द्या, असं सांगून ती जेवायला गेली.

इथंच सगळं फसलं. आमच्याकडं रानाला पाणी देणाऱ्यानं दारं धरायचं असतं. म्हणजे खोरं घेऊन पाण्यापाशी उभं राहायचं, एक तुकडा भिजला की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या तुकड्यात वळवायचं. यात अक्कल कमी लागते आणि उभं राहणं फार लागतं. भानुदासनं पाणी सोडलं, पाच मिनिटं उभा राहिला, मग "सर, चेन जरा ढिली वाटती, एक राउंड मारून बघतो" म्हणून गेला. मी छत्रीखाली खुर्चीवर होतो. माझा डोळा लागला, हेही कबूल करतो. तासाभरानं बघतो तर शेवटून दुसऱ्या वळणावर गुडघ्याएवढ्या उसाला द्यावं तसं तुडुंब पाणी. काळं रान ते, प्यायला लागलं की पीतच राहतं.

रविवारी सकाळी त्या वळणावर म्हैस लोळली असती. मंडळी संतापली, शर्यत रद्द करायची भाषा सुरू झाली. भानुदास ट्रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फेऱ्या घालत होता. शेवटी त्यानं घरी फोन लावला आणि दोन तासांत शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून, ट्रॉलीभर पाचट घेऊन, मंदावहिनी हजर झाल्या. नऊ शर्यतींत त्या कधी आल्या नव्हत्या. "तुटल्याल्या उसाच्या खोडव्यात आंथरायला ठिवलं व्हतं ते आनलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दारं कुनी धरलं व्हतं?" तो ट्रॉलीतून पाचट ओढायला लागला. सगळ्यांनी मिळून ती उसाची वाळकी पानं चिखलावर जाड अंथरली. वरून बघणाऱ्याला वळण कोरडं ठणठणीत वाटायला लागलं.

सहा फेऱ्यांची शर्यत होती. पहिल्या फेरीत तो सहावा होता, तिसरीत तिसरा, पाचवीत पहिला. मी घड्याळ दाबायचं विसरून ओरडत होतो. बाकीचे त्या वळणावर शहाण्यासारखे बाहेरच्या कडेनं, हळू जात होते. भानुदासही पाच वेळा तसाच गेला. पाच वेळा त्यानं ब्रेक मारला! शेवटच्या फेरीत मात्र मागच्या गाडीचा आवाज जवळ आला आणि त्याचा दम संपला. त्यानं आतून सरळ गाडी घातली. पाचटाखाली काय आहे हे त्या रानात सगळ्यांत जास्त त्याला ठाऊक होतं, पण तेवढं आठवायला थांबावं लागलं असतं. मागचं चाक अर्धं आत गेलं, पाचट चेनमध्ये गुंडाळलं आणि इंजिन बंद पडलं.

सगळ्या गाड्या निघून गेल्या. आता हा गाडीला लाथ घालील आणि तरातरा चालू लागेल, असं मला वाटलं. तो खाली उकिडवा बसला आणि चेनमधून एकेक पान ओढून काढायला लागला. मी दोरीपाशी धावलो. "भानुदास, आवरा लवकर!" माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "घाई करून भागंल का सर? झटका दिला तर चेन तुटंल." हे भानुदास बोलत होता. चाक मोकळं झालं, पण इंजिन काही चालू होईना. तेव्हा तो चिखलातून गाडी ढकलत निघाला.

तिकडं बक्षिसांचं टेबल मांडून झालं होतं आणि झेंडेवाला मुलगा झेंड्याची घडी घालत होता. वहिनींनी त्याच्या हातातून झेंडा घेतला.

"ताई, रेस संपली," तो म्हणाला.

"तुमची संपली. आमची संपायचीय अजून," वहिनी म्हणाल्या.

झेंडा कसा हलवतात हे त्यांना कुठं ठाऊक? ज्वारीवरची पाखरं हाकलावी तसा त्या तो जोरजोरात हलवत राहिल्या. भानुदास कमरेत वाकून, पावलापावलानं येत होता. पुण्याची पोरं बक्षिसं सोडून रेषेपाशी आली. गाडीचं पुढचं चाक रेषेपलीकडं गेलं आणि तो थांबला.

"दिसला का झ्येंडा?" वहिनींनी विचारलं.

"न्हाय नीट दिसला. डोळ्यात चिखल गेलाय," तो म्हणाला. गॉगल तर त्याच्या डोळ्यांवरच होता. मला त्या क्षणी त्या दोघांचा इतका हेवा वाटला की मी उगाच छत्री मिटायला लागलो.

"म्हंजी गाडी इकायची न्हाय ना?" त्यानं विचारलं.

"न्हाय. पर म्होरल्या बारीला दारं मी धरनार."

पुढची बारी काही आली नाही. त्याच वर्षी कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यावर त्याला फोरमनची जागा मिळाली. एका जागी फार वर्षं झाली, असं त्याचं कारण. गाडी ठेवायला तिथं जागा नव्हती, म्हणून ती आमच्या अंगणात लावली. सामानाचा टेम्पो भरला, वहिनी पुढं बसल्या आणि तो नेहमीसारखा आमच्या उंबऱ्यापाशी आला. मी तोंडपाठ वाक्याची वाट बघत होतो.

त्यानं चपला काढल्या, आत आला आणि खुर्ची ओढून बसला. खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "रविवारी एकदा चालू करत जावा, सर. पळवू नका, नुसती चालू करा." मी बरं म्हणालो. त्याचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ पडलेले होते. आतून चहा आला, त्यानं तो बशीत ओतून फुंकर घालत प्यायला. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला तरी तो उठेना. तेव्हा मला कळलं, हा माणूस या वेळी खरोखर चालला होता.